किल्ला सगळ्यांना ठाऊक, संस्थान कुणालाच नाही

मुरूडला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, जंजिरा संस्थान कुठून कुठपर्यंत होतं? बहुतेक जण तोंडाकडे बघत राहतील. कलाल बांगडी तोफ माहीत असते, समुद्राखालून राजपुरीला निघणारं भुयार माहीत असतं (ते मात्र कुणीच पाहिलेलं नसतं) आणि 'अजिंक्य' हा शब्द तर पाठच असतो. शिडाच्या होडीतून उतरलं, तोफेवर हात ठेवून फोटो काढला, धक्क्यावर सोलकढी प्यायली की गाडी अलिबागच्या वाटेला.

मी राजपुरीच्या खाडीच्या दक्षिणेकडचा, श्रीवर्धन बाजूचा. त्यामुळे ही तक्रार थोडी पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. आमचा मुलूखही जंजिराच होता, पण आम्हाला कुणी मोजत नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला कुंडलिकेची म्हणजे रोह्याची खाडी, दक्षिणेला सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, पूर्वेला रोहा-माणगावकडचे डोंगर, पश्चिमेला समुद्र. आणि बरोबर मधोमध, या सगळ्याचे दोन तुकडे करत राजपुरीची खाडी थेट म्हसळ्यापर्यंत आत शिरलेली. आजचे मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके म्हणजे साधारण तेच संस्थान. इंग्रजी गॅझेटियरात क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल दिलंय, आणि १९०१च्या खानेसुमारीत लोकसंख्या पंच्याऐंशी हजारांच्या थोडी वर. शिवाय पार काठेवाडात जाफराबाद हा तुकडा याच नवाबाचा. जुन्या कागदांत या सगळ्या मुलखाला हबसाण म्हणत, कारण राज्यकर्ते हबशी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतून आलेले सिद्दी.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने या. गाड्या, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, सगळं एकाच लोखंडी तळावर. पलीकडे पोचायला चहा थंड व्हायचाही वेळ लागत नाही, पण हेच अंतर रस्त्याने कापायचं तर खाडीला वळसा घालत अर्धा दिवस जातो. त्या पाण्यावर उभं राहिलं की संस्थानाचं गणित कळतं. ज्याच्याकडे खाडीचं तोंड, त्याच्याकडे दोन्ही काठ. किल्ला नेमका तिथे, तोंडावर. त्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, हे तोफेपेक्षा महत्त्वाचं, पण तलावाबरोबर सेल्फी कोण काढणार!

आता त्या 'अजिंक्य'बद्दल. एक तर ही जागा मुळात कोळ्यांची. राम पाटलाने इथे लाकडी मेढेकोट उभारला होता आणि निजामशाहीच्या सरदाराने व्यापारी असल्याचं सोंग करून, दारूची पिंपं आत नेऊन तो घेतला, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. म्हणजे कधीच न पडलेल्या किल्ल्याची सुरुवातच पडण्यापासून आहे.

दुसरं म्हणजे, माझं ठाम मत आहे की जंजिरा तटबंदीवर टिकला नाही. टिकला तो सुरतेच्या पैशावर. हा मुलूख आरमार पोसू शकेल असा नाहीच. खाचरात होईल तेवढा भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी आणि किनाऱ्याला नारळ-पोफळीच्या वाड्या. एवढ्यात गलबतं, तोफा, दारूगोळा आणि खलाशांचे पगार भागत नाहीत. १६७०च्या सुमाराला सिद्दी फत्तेखान शिवाजी महाराजांच्या दाबाने किल्ला द्यायच्या बेतात आला होता. त्याच्याच माणसांनी, सिद्दी संबळ, कासम आणि खैर्यत यांनी, त्याला कैदेत टाकलं आणि औरंगजेबाची चाकरी पत्करली. तिथून सिद्दी मोगलांच्या आरमाराचा प्रमुख झाला, सुरतेच्या महसुलातून तनखा सुरू झाला, याकूतखान हा किताब मिळाला. पावसाळ्यात आरमार मुंबईच्या बंदरात येऊन बसायचं आणि इंग्रज कुरकुरत सहन करायचे, कारण मोगल बादशहाला दुखवायची टाप नव्हती. पुढे १६८९-९० मध्ये याच सिद्दीने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं, तेव्हा त्यांना त्या सहनशीलतेचं फळ मिळालं.

म्हणजे समोरच्या बाजूला एक स्वराज्य, जे जमिनीवर एका वेळी चार शत्रूंशी लढतंय, आणि इकडे बादशाही खजिना पाठीशी असलेलं आरमार. महाराजांनी तरीही सोडलं नाही. जंजिऱ्याच्या वायव्येला कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा केला, राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराने, जिवाजी विनायकाने, तिथे रसद पोचवायला हयगय केली म्हणून त्याला काढलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा करणार नाही, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. जंजिऱ्याच्या लढाईचा सगळा जीव त्या पत्रात आहे. भांडण दगडाचं नव्हतं, वेळेवर पोचणाऱ्या दाण्यागोट्याचं होतं.

सोनकोळ्यांच्या लायपाटलाची हकीकत आमच्याकडे अजून सांगतात. त्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, मोरोपंत पिंगळ्यांचे लोक वेळेवर आले नाहीत, उजाडायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी पालखीचा मान दिला तर हा म्हणाला, आम्ही दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करू? मग त्याला गलबत बांधून दिलं आणि गलबताचंच नाव ठेवलं पालखी. खरंखोटं बखरकार जाणे, पण उत्तर कोळ्याचंच आहे यात शंका नाही.

१६८२ साली संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड टाकून सेतू बांधायला घेतला. मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि काम सोडून वळावं लागलं. पुन्हा तेच. जंजिऱ्याला दर वेळी वाचवायला कुणीतरी डोंगराच्या पलीकडून आलं.

बाजीराव पेशव्याच्या वेळी, १७३३ मध्ये, सिद्दीचा म्होरक्या वारला, गादीवरून आपसांत भांडणं लागली, आणि तीच संधी साधून मोहीम निघाली. रायगड १६८९ पासून मोगल आणि मग सिद्दीच्या ताब्यात होता, तो त्या मोहिमेत परत आला. किल्ला राहिला, कारण इंग्रज सिद्दीच्या मदतीला धावले आणि इकडे मराठ्यांचा आरमारप्रमुख सेखोजी आंग्रे वारल्यावर आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी पेटली. १७३६ साली चिमाजीआप्पाने अलिबागजवळ सिद्दी सात या सरदाराला मारलं आणि सिद्दीची नांगीच मोडली. पण किल्ला पडला नाही ना! मग आपल्या लेखी सिद्दी जिंकला. हे सगळं बाजूला सारून फक्त तट किती उंच एवढंच सांगत बसणं मला अळणी वाटतं.

आणि गंमत बघा, बाजीरावाचे वडील बाळाजी विश्वनाथ मूळचे आमच्या श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातल्या देशमुखांच्या घराण्यातले. आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून सिद्दीने त्रास दिला म्हणून ते घाट चढून गेले. पेशवाई आली, गेली, इंग्रज आले, तरी पेशव्यांचं गाव नवाबाच्या संस्थानातच होतं. किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दीचे छापे, जाळपोळ, धरून नेलेली माणसं, सगळं सोसलंय. ते झाकायचं कारण नाही. पण त्याच मुलखात हरिहरेश्वराची पूजाही चालू राहिली.

नंतरचं संस्थान म्हणजे अकरा तोफांच्या सलामीचं, इंग्रजांच्या छत्राखालचं एक छोटं खटलं. याबद्दल तर कुणीच बोलत नाही. नवाब सर सिद्दी अहमदखानाच्या काळात गारंबीच्या धरणाचं पाणी मुरूडला आलं, त्याच्या नावाची सर एस. ए. हायस्कूल आहे. १८९०च्या दशकात संस्थानचा कारभारी होता शालोम बापूजी इस्रायल, म्हणजे ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो त्या बेने इस्रायल समाजातला. हबशी नवाब, ज्यू कारभारी, खालती कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान आणि वाड्यांवरचे ब्राह्मण. फणसाडचं जंगल ही नवाबाची शिकारीची राखीव जागा होती, म्हणून आज तिथे अभयारण्य तरी आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात मिसळून गेलं.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा-दिघीचा पूल धरलाय. व्हायलाच हवा. दवाखान्यासाठी ज्याला रात्री पलीकडे जायचंय त्याला विचारा. पण पुलावरून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला ही खाडी कळणार नाही, तेवढं वाईट वाटतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धनी रोठ्याच्या, म्हणजे इथल्या खास सुपारीच्या, पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. रोपापासून पुन्हा सुपारी धरायला किती वर्षं जातात ते वाडीवाल्यालाच माहीत. त्या दिवसांत तरी या मुलखाचं नाव बातम्यांत आलं, तेही 'मुरूड-जंजिरा परिसर' असंच.

पुढच्या वेळी आलात तर किल्ला बघाच, नको कोण म्हणतं. पण राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांपाशीही थांबा, तिथे सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत आणि गर्दी अजिबात नसते. मग फेरीबोटीने दिघीला उतरून म्हसळामार्गे श्रीवर्धनला या.

आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या मंडळींना एक विनंती. घरात जुन्या पेटीत जंजिरा संस्थानच्या शिक्क्याचे स्टॅम्पपेपर, सारा भरल्याच्या पावत्या, शाळेचे दाखले असतील तर त्यांचे नीट उजेडात फोटो काढून खाली टाका. नावं झाकली तरी चालतील. शिक्का आणि साल मात्र दिसू द्या.