ऑल्ट ‘गूगलपुरता’ नसतो : एका फॉरवर्डला उत्तर

‘एचटीएमएलमध्ये फोटो टाका पाच मिनिटांत’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. (एचटीएमएल म्हणजे वेबपेज लिहिण्याची भाषा.) माझ्या भाचीने गावच्या वाचनालयाचे वेबपेज त्याबरहुकूम तयार करून मला दाखवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : ऑल्ट (फोटोच्या बदली वाचण्यासाठी लिहिलेला मजकूर) ऐच्छिक असून तो केवळ गूगलसाठी असतो, तेव्हा त्यात शोधशब्द ठासून भरावेत, विड्थ (रुंदी) कमी लिहिली की फोटो हलका होतो, प्रत्येक फोटोला ‘लोडिंग लेझी’ (फोटो दिसायची वेळ येईल तेव्हाच उतरवण्याची सूचना) लावावे, आणि फोटो हवा असल्यास कुठल्याही साइटवरून त्याचा पत्ता कॉपी करून एसआरसीमध्ये (फोटोचा पत्ता लिहिण्याच्या जागी) चिकटवावा.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. भाचीच्या पानावर वाचनालयाच्या वेळांचा फलक फोटो म्हणून लावलेला होता आणि त्याच्या ऑल्टमध्ये ‘बेस्ट वाचनालय मोफत पुस्तके मराठी वाचनालय’ अशी शब्दांची माळ होती. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाला ही माळ ऐकू येईल. वाचनालय सकाळी ८ ते ११ उघडे असते, हे मात्र कधीच कळणार नाही. फोटो काही कारणाने उतरला नाही, तर डोळसांच्याही वाट्याला तीच माळ येते. ‘ऐच्छिक’ म्हणावे, तर १९९७ च्या एचटीएमएल ४.० पासून आयएमजी टॅगला (पानात फोटो बसवणाऱ्या खुणेला) ऑल्ट बंधनकारक आहे आणि आजच्या प्रमाणकातही मोजके अपवाद वगळता तोच नियम आहे. ऑल्ट नसतानाही ब्राउझर फोटो दाखवतो, कारण ब्राउझर चुका पोटात घालतो. तेवढ्यावरून नियम रद्द होत नाही. निव्वळ शोभेच्या फोटोला ऑल्ट रिकामा ठेवावा, पण लिहावा जरूर, कारण तो गाळला तर अनेक स्क्रीन रीडर फाइलचे नावच वाचून दाखवतात. गूगल ऑल्ट वाचतो, एवढे मान्य करायला हवे. मात्र त्यात शोधशब्द कोंबू नका, असे गूगलचेच मार्गदर्शन सांगते. (वेळांचा फलक खरे तर फोटो न लावता सरळ मजकूर म्हणून लिहावा.)

विड्थचा दावा तर गणितातच बसत नाही. मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो विड्थ ३०० लिहून दाखवला, तरी ब्राउझर पूर्ण फाइलच उतरवतो आणि उलगडल्यावर, दर पिक्सेलला चार बाइट धरून, तिला सुमारे ४.८ कोटी बाइट स्मृती लागते. फोटो हलका हवा असेल, तर अपलोड करण्याआधीच तो लहान करावा लागतो. विड्थ आणि हाइट (उंची) लिहाव्यात त्या वेगळ्या कारणासाठी : ब्राउझर तेवढी जागा आधीच राखतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

लेझीचा सल्ला निम्मा खरा आहे; खालच्या फोटोंना तो लावावा, पण पान उघडताच दिसणाऱ्या फोटोला लावला तर तोच उशिरा येतो. उसन्या पत्त्याबद्दल फार लिहायला नको : मूळ मालकाने फाइल हलवली की आपल्या पानावर भगदाड पडते, आणि परवानगीचा प्रश्न उरतोच. फोटो आपल्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि फाइलचे नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत लिहावे, कारण विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक जाणवत नसला, तरी लिनक्सवरचा सर्व्हर त्यावरच अडून बसतो.