कानाला लाईट

गेल्या शुक्रवारी म्हापशात माझा उजवा कान गेला. हेडफोनचा. पण तो माझ्या कानाहून महाग.

हेडफोन जुना, जपानी, इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा. या जातीचा पहिला स्टॅक्स या जपानी कंपनीने 1960 साली काढला. माझा कुठल्या घराण्यातला ते सांगत नाही, उगाच खानदानाची बदनामी. जुलै लागला आणि डावी बाजू बसली, म्हणून दुकान गाठलं. दुकानदाराने मीटर लावून जाहीर केलं, "दीडशेच व्होल्ट येतात. सप्लाय गेला." मी म्हटलं, वाटेत मुद्दामच काही मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा भाग, असतो, तुमचं मीटर स्वतःच व्होल्ट खातंय. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

बघितलं ते बाकावरच्या काकांनी. मांडीवर मिक्सर.

"ह्यात लोहचुंबक कुठे रे बाबा?"

"नसतं काका."

"मग आवाज काय वाऱ्यातून येतो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण या विषयावर घरात कुणी ऐकून घेत नाही, त्यामुळे बाहेर कुणी विचारलं की मला राहवत नाही. दोन जाळ्या, मधे मायक्रॉनमध्ये मोजायचा पडदा, त्याला 230 व्होल्ट...

"किती?"

"230."

काकांनी मिक्सर खाली ठेवला. "म्हणजे घरातला लाईट! लग्न झालंय तुझं?"

"झालंय."

"तिला ठाऊक आहे, तू कानाला लाईट लावतोस ते?"

करंट अगदी नगण्य असतो, असं मी म्हणेपर्यंत इस्त्री घेऊन आलेल्या बाईंनी आपलं स्टूल लांब सरकवलं होतं. मी घाईघाईने सांगितलं, दोष फक्त दमट हवेचा आहे, पडद्यावरचा चार्ज गळतो.

"दमट? मग सुकव की!" आणि काकांनी हेडफोन उचलून, नेमक्या धडधाकट उजव्या बाजूत, चूल पेटवावी तशा तीन फुंकरी मारल्या. सकाळपासूनचा चहा, विडा आणि सत्तरेक पावसाळ्यांची ओल, सगळं एकदम आत. उजवीकडून चुर्रर्र आवाज आला. रव्यातला बांगडा तव्यावर पडला की येतो तसा.

"बघ, बोलायला लागला!"

दुकानदाराने चेकिंगचे दीडशे घेतले, व्होल्टला रुपया. काकांच्या मिक्सरचा नुसता कपलर निघाला. तो बसवायचे त्याने पैसेच घेतले नाहीत. ओळखीचे ना!

आता हेडफोन कपाटात आहे, चाळीसच्या पिवळ्या बल्बखाली. त्यासाठी पैठणी बाहेर काढावी लागली, तेव्हापासून घरात संभाषण मोजकंच. चार दिवस सलग ऊब मिळाली तर दोन्ही कान येतीलही. पण इथे सर आली की लाईट गेलीच. बिल मात्र कसल्याही पावसात वेळेवर पोचतं. पाहुण्यांच्या हॉटेलांना जनरेटर, आम्हाला मेणबत्त्या. मेणबत्ती काय कपाटात लावू?

काल बाजारात काका पुन्हा भेटले. लांबूनच ओरडले, "काय पात्रांव, कानाचा लाईट कसा आहे?"

"गेलाय."

"आमचाही," काका म्हणाले. "सकाळपासून."