आधी हद्द सांगा!

ऑनलाइन गंडवलेल्या माणसाला ठाण्यात पहिलं उत्तर काय? ‘आमच्या हद्दीत येत नाही.’ अहो, चोर एका राज्यात, सिमकार्ड दुसऱ्या, खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर. हद्द शोधायची कुणी? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १७३ स्पष्ट सांगतं: गुन्हा कुठेही घडो, नोंदवून घ्या. पण आमचे काका पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन बाकावर, कारण ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. ऑनलाइन गुन्ह्यांना लागणाऱ्या आयटी कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्याने करायचा नाही, हाही कायदाच! तोवर पैसे एटीएममधून पसार. भामटा सापडलाच, तर त्याच कायद्याचं कलम ६६-ड, संगणकावरून तोतयेगिरी करून फसवल्याचं: जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, तेही जामीनपात्र. आणि दटावायचं कुणाला? ओटीपी दिलाच कशाला म्हणून काकांना!