ड्रॉइंग फुकट, बाकी आपलं आपण

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक श्रेडर उभा आहे. दिसायला पिठाच्या गिरणीचा लांबचा भाऊ. वरून बाटल्यांची टोपणं टाकायची, खाली चुरा पडतो. याचं ड्रॉइंग मी केलेलं नाही, विकतही घेतलेलं नाही. डेव्ह हाकेन्स नावाच्या डच पोराने 2013 मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ सुरू केलं आणि प्लास्टिक दळायच्या, वितळवायच्या, साच्यात दाबायच्या यंत्रांची ड्रॉइंगं जगाला वाटून टाकली. कुणीही बनवा, सुधारा, सुधारलेलं परत सगळ्यांना दाखवा. ओपन इनोव्हेशन म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. ब्लेडची फाइल घेऊन गेलो तर लेझर कटिंगवाला विचारतो, "मग पैसे कुणाला द्यायचे?" कुणालाच नाही म्हटल्यावर त्याला मीच संशयास्पद वाटायला लागलो.

पहिल्याच दिवशी मशीन जाम. दुधाची पिशवी शाफ्टला अशी गुंडाळली गेली, की कटरने सोडवताना दुपार गेली. ड्रॉइंग फुकट असलं तरी अक्कल स्वतःच्या खर्चाने येते. ती आम्हाला आमच्या लाइनीत कचरा गोळा करणाऱ्या मावशींकडून मिळाली. मी चष्मा लावून टोपणावरच्या त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा 2 आहे की 5 ते शोधत बसतो, मावशी टोपण नखाने दाबतात, टिचकी मारतात आणि सांगतात, "हा फुगा, तो वेगळा टाका." (फुगा हे भंगारातल्या एका प्लास्टिकचं नाव.) पीव्हीसी तर हातात आला की बाजूलाच फेकतात. तो तापला की विषारी धूर, हे मी वाचून शिकलो. त्यांचं ज्ञान घशातून आलेलं. हेही इनोव्हेशनच की! पण परिसंवादात खुर्ची मला मिळते.

ओपन इनोव्हेशन म्हटलं की मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांच्या प्लास्टिकच्या रस्त्यांचं उदाहरण सगळे देतात. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा थर चढवून मग डांबर घालायचं. पेटंट होतं, तरी तंत्रज्ञान सरकारला मोफत दिलं, म्हणून ते प्रयोगशाळेतून रस्त्यावर आलं. मोठं मन आहे, वादच नाही. फक्त रस्त्यात गेलेल्या प्लास्टिकची पुन्हा बाटली होत नाही. त्याला चक्राकार, म्हणजे वस्तू फिरून पुन्हा वापरात आणणारं, म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते.

खरी कुलपं वेगळीकडेच आहेत. मागे एका मोठ्या कंपनीच्या ‘ओपन इनोव्हेशन चॅलेंज’ला गेलो होतो. रिकाम्या वेष्टनांचं काय करायचं, याच्या कल्पना आम्ही द्यायच्या. मी विचारलं, वेष्टनात थर किती, मध्ये चिकटवायला काय वापरता? उत्तर आलं, "ते कॉन्फिडेन्शियल आहे." अहो, मग थर सोडवायचे कसे? कल्पना आमच्या उघड्या आणि तुमची पुडी बंद, याला ओपन कोण म्हणणार? वेष्टन बनवतानाच ते सुटं कसं होईल हे ठरवा आणि कशाचं बनलंय ते वर छापा. बाकीचं डोकं लावायला माणसं पुष्कळ आहेत.

असो. रविवारी सकाळी शेड उघडी आहे. टोपणं धुऊन, आतली चकती काढून आणा. दुधाच्या पिशव्या मात्र कृपा करून नकोत.