खाज

सगळ्यात आधी एक तक्रार. मराठीत या दुखण्याला धड नावच नाहीये. डोकं दुखतंय म्हटलं की लोक बाम आणून देतात, पाठ धरली म्हटलं की खुर्ची सरकवतात, पण "मला खाज आहे" असं चारचौघात म्हणून बघा एकदा, ऑफिसात मी म्हटलं तर पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, ते माहितीये आम्हाला, म्हणून तर नको ती कामं अंगावर घेतोस.

असो. तर माझी त्वचा नाजूक आहे. दिसायला मी अजिबात नाजूक नाही, ९२ किलो आहे, पण नवीन शर्टाच्या कॉलरमागचं ते लेबल असतं ना, ते मला दिवसभर कानशिलात मारल्यासारखं जाणवतं. त्यामुळे घरात नवीन कपडा आला की आधी लेबल उसवायचं, आणि ते घाईघाईत कात्रीने कापलं तर मागे जो अर्धा मिलिमीटर दोरा राहतो तो आख्ख्या लेबलापेक्षा जास्त टोचतो, हे शहाणपण तीन शर्ट बदनाम झाल्यावर आलं.

बरं नुसती खाज नाही, खाजवलं की गांधी उठतात. म्हणजे नख फिरलं त्या रेषेवर पाचेक मिनिटांत लाल फुगीर वळ. आत्याच्या मते हे पित्त, आमसुलाचं पाणी चोळ. ते चोळून मी ऑफिसला गेलो तर दिवसभर लोक विचारत होते की आज डब्यात सोलकढी आहे का. शेजारच्या काकूंच्या मते रक्त अशुद्ध आहे, कडुलिंब खा. खाल्ला. खाज तशीच, वर तोंड कडू. आईचं म्हणणं लहानपणी मी अळूच्या आळ्यात खेळायचो त्याचं हे. अळवाची खाज निदान चिंच घातली की जाते हो.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. त्या बाईंनी काही न बोलता पेनाच्या टोपणाने माझ्या पाठीवर एक रेघ ओढली आणि समोरच्या पेशंटला गोळ्या लिहून देत बसल्या. पाच-सात मिनिटांनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, छान आलंय. त्याला म्हणे डर्मोग्राफिझम म्हणतात, म्हणजे कातडीवर लिहिता येणं, शंभरातल्या दोन ते पाच जणांना असतं, घासलं की त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि तिथे सूज येते, अर्ध्या तासात आपोआप उतरते. घाबरायचं कारण नाही. मी घाबरलो नव्हतोच, चूक एवढीच झाली की घरी येऊन हे सगळं भाचीसमोर सांगितलं. आता ती सुट्टीत आली की माझ्या हातावर फुली-गोळा खेळते, आणि पाटी आपोआप कोरी होते याचं तिला फार कौतुक. एकदा बायकोनेही चिडून "दूध" असं लिहून पाठवलं होतं, कारण मी मोबाईल घरी विसरतो. दुकानात पोचेपर्यंत अक्षर अगदी सुवाच्य उमटलं होतं. रांगेतल्या आजोबांनी वाचून विचारलं, गाईचं का म्हशीचं?

बाकी डॉक्टरबाईंचे नियम सगळे आनंदाच्या मुळावर येणारे. कढत पाणी बंद, कोमट घ्यायचं, तेही दहा मिनिटांत आटपायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर आहे तोवर तीन मिनिटांत क्रीम लावायचं, आणि ९२ किलोच्या माणसाला तीन मिनिटांत क्रीम लावणं म्हणजे रंगाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत बिल्डिंग रंगवायला सांगण्यासारखं आहे, पाठीचा मधला भाग तर अजून कुणी जिंकलेला नाही. दिवाळीचं उटणंही बंद. सेट्रिझिन रात्री घ्यायची, कारण झोप येते. मी एकदा सकाळी घेतली होती, डोंबिवलीहून चढलो आणि दादरला उतरायचं ते थेट सीएसएमटीला उठलो, पण खरं सांगतो त्या दिवशी खाज नव्हती.

खाजेची व्याख्या १६६० साली हाफेनरेफर नावाच्या जर्मन डॉक्टरने करून ठेवलीय, जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. मला वाटतं त्याला पूजेला बसवायला हवं होतं.

कारण गेल्या श्रावणात मी बसलो. आजोबांचा कद, डांबरगोळ्यांत मुरलेला, आणि उघड्या अंगावर जरीचं उपरणं. आचमनापर्यंत ठीक होतं. मग गुरुजींना उत्साह आला, म्हणाले तुळस भरपूर आहे तर सहस्रनामच करू. हजार नावं, हजार पानं, उजवा हात सतत चालू, त्याला बायकोचा हात लागलेला, आणि विश्वस्मै नमः विष्णवे नमः होतं न होतं तोच उपरण्याची जर बरोब्बर त्या न जिंकलेल्या भागावर घासली. डावा हात मागे न्यावा तर समोर तीस माणसं बसलेली. खांदे हलवून बघितले, आई कौतुकाने म्हणाली तल्लीन झालाय. घाम फुटला, घामाने आणखी खाज. दोनशेएक नावांनंतर मी ओठ न हलवता बायकोला म्हटलं, पाठ. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मोकळ्या हाताने हळूच ताम्हनातली पळी उचलली आणि पदराआडून अचूक जागी वरखाली फिरवली, तांब्याची, गार, ओली, आहाहा, माझे डोळे मिटले.

गुरुजींनी पोथीतून मान वर केली नाही. त्याच चालीत, त्याच सुरात म्हणाले, "वहिनी पळी धुऊन ठेवा नमः," आणि मी त्या नावालाही एक पान वाहिलं.