विरळ हवा आणि दमा : एक खुलासा
महाबळेश्वरच्या विरळ हवेत आठवडाभर राहून घरचा ऑक्सिजन बंद केल्यास जुना दमा बरा होतो, असा संदेश सध्या साताऱ्यात फिरत आहे. तो चुकीचा आहे. तेथे सुमारे 1,370 मीटर उंचीवरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, फक्त दाब कमी होतो. संदेशात ज्या उपचाराचा आधार घेतला आहे, त्यात बोटाला ऑक्सिमीटर लावून, यंत्राने ऑक्सिजन 10 ते 15 टक्क्यांपर्यंत उतरवलेली हवा मास्कमधून काही मिनिटेच देतात, मग साधी हवा देतात, आणि ऑक्सिमीटरवरचा रक्तातील ऑक्सिजनचा आकडा मर्यादेखाली गेला की लगेच थांबवतात. तो इन्हेलरला पर्याय नाही. ज्यांना डॉक्टरांनी रोज किमान 15 तास ऑक्सिजन सांगितला आहे, त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती, की परस्पर नळी काढू नये. त्याने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण वाढतो.