बाराव्या पानावरचा चंद्र

आम्ही दोघं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो असं सांगितलं की पाहुणे आधी ‘अरे वा’ म्हणतात, चहाचा एक घोट घेतात आणि मग विचारतात, “आणि नोकरी?” सासूबाई आता ‘दोघं प्रिंटिंगमध्ये आहेत’ असं सांगून मोकळ्या होतात.

कामाची वाटणी सोपी आहे. रेषा माझी, रंग नवऱ्याचे. चित्र जमलं की रंग सुरेख असतात आणि फसलं की रेषा चुकलेली असते.

गेल्या मे महिन्यात ३२ पानांचं एक पुस्तक हातात होतं. (अशी पुस्तकं बहुतेक ३२ पानीच का, तर छपाईचा फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, १६ पानांचा, असे दोन. गोष्ट ३१व्या पानावर संपली तरी शेळीला आणखी एक पान चालावंच लागतं.) तर गोष्ट शेळीचीच होती. आमच्या सोलापूरला संक्रांतीत भरणाऱ्या सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ती हरवते आणि सापडते. शेळी म्हटल्यावर मी आमच्या भागातली उस्मानाबादी जातीची काढली. काळीभोर, लांब लोंबत्या कानांची, डाव्या कानावर पांढरा ठिपका. पुण्याहून संपादकबाईंचा निरोप आला, “कुत्रा फारच गोड झालाय. शेळी कधी पाठवताय?”

शेळी शेळीसारखी दिसेपर्यंत आठवडा गेला. मग नवऱ्याला शोध लागला की १७व्या पानावर ठिपका उजव्या कानावर गेलाय.

“अरे, तिनं तोंड फिरवलंय,” मी म्हणाले.

“तोंड फिरवलं म्हणून कान बदलत नाहीत. तू रोज फिरवतेस, मला माहितीये.”

त्यात सोलापूरचा मे. पारा ४३वर. पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की कपाळावरचा घाम थेट शेळीवर. कूलर लावावा तर दमट हवेनं कागद पापडासारखा फुगतो. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओढायचा तर कागद ओला राहायला हवा, पण इथे ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून त्याची किनार उमटलेली. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे ब्रश धुतलेलं पाणीही वाया जात नाही. सासूबाई ते कढीपत्त्याला घालतात. यात्रेतल्या रात्रीचं निळं आभाळ रंगवायला घेतलं तेव्हा एका दिवसात चार मग निळं पाणी त्या झाडानं प्यायलं. तेव्हापासून मी आमटीतला कढीपत्ता काढून ठेवते.

ही यात्रेची रात्र म्हणजे १२ आणि १३ अशी जोडपानं. त्यावर सगळं सोलापूर हवं होतं. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, नंदीध्वजांच्या उंच काठ्या, आकाशपाळणा आणि पाळण्याखाली भेदरलेली शेळी. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद. मानकरी जितके जास्त, तितका नवरा जास्त वेळ रंग न लावण्याची मेहनत करत होता. सासूबाईंनी चष्मा लावून नंदीध्वज मोजले.

“सहाच आहेत. सातवा कुठंय?”

“तिथं मजकूर यायचाय, आई. त्याच्या मागं आहे.”

“मजकूर हलवा. सिद्धरामेश्वराची काठी मागं राहत नाही.”

मजकूर हलला. त्या रात्री पंखा लावून झोपताना कुणीतरी १२व्या पानावर वजन म्हणून शेंगाचटणीची बरणी ठेवली. सोलापूरची चटणी उखळात कुटलेली, शेंगदाण्याचं तेल सुटलेली. ते बरणीच्या बुडाशी ओघळलेलं. सकाळी नवऱ्यानं आभाळाचा गडद निळा ओढला, तर एका गोलात रंग बसेचना. ब्रश फिरवला की निळा रंग थेंब थेंब होऊन बाजूला पळायचा.

“बरणी तू ठेवलीस.”

“रात्री अकराला भाकरीशी चटणी कोण खात होतं?”

अमेरिकेत लिओ आणि डायान डिलन नावाचं चित्रकार जोडपं होतं. शिकताना एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, १९५७ साली लग्न, आणि पुढे एकाच चित्रावर दोघांचे हात असे मिसळले की कुठली रेघ कुणाची हे त्यांनाही सांगता येईना. १९७६ आणि १९७७, सलग दोन वर्षं मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक त्यांनाच मिळालं. ते म्हणायचे, चित्र आमच्यातला तिसरा कलाकार काढतो. हे वाचल्यापासून आमच्याकडेही तिसरा राहायला आलाय. डिलनांच्या घरी तो पदकं मिळवायचा, आमच्या घरी बरण्या ठेवतो.

पान पुन्हा करायला वेळ नव्हता. गुंडाळी घेऊन स्कॅन करायला गेलो. दुकानातला पोरगा काचेवर कागद ठेवता ठेवता थांबला. “मॅडम, हितं डाग हाय की.” नवरा म्हणाला, “चंद्र आहे तो.” पोरगा कागदाजवळ वाकला, नाक ओढलं आणि म्हणाला, “लसणाचा वास येतोय चंद्राला.”

घरी सासूबाईंना विचारलं, संक्रांतीला एवढा गोल चंद्र चालेल का. त्या म्हणाल्या, संक्रांत सूर्यावर असते, तिथी कुठलीही येते. शास्त्राधार मिळाल्यावर फाइल पाठवून दिली आणि दोन दिवस फोन दुसऱ्या खोलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. स्पीकरवर घेतला.

“शेळीचे कान अजून जरा बघा. पण तो चंद्र! आतून उजेड येतोय असा. कल्पना कुणाची?”

“माझी,” आम्ही दोघं एकदम म्हणालो. तिसऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

“मग तसाच २९व्या पानावरही हवा. शेळी घरी परतते तिथं. थोडा मोठा.”

संध्याकाळी नवरा बाजारातून चटणीची नवी बरणी घेऊन आला. आम्ही दोघं जमिनीवर बसून जुन्या कागदांवर ती दाबून बघत होतो. एकदा तो, एकदा मी. काही उमटेना. बरणी नवी, बूड कोरडं ठणठणीत. मग झाकण उघडून चमच्यानं तेल लावून पाहिलं तर कागदावर चंद्राऐवजी लसणाची पाकळी उतरली.

स्वयंपाकघरातून उखळ सरकवल्याचा आवाज आला.

“विकतच्याला कुठलं तेल सुटतंय? मी कुटते,” सासूबाई म्हणाल्या. “पण चंद्र केवढा हवाय ते आधी सांगा, तेवढे शेंगदाणे भाजते.”